दोरी ओढायची नाही, धरून ठेवायची

'आम्ही बोट घेतली' असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं, हे मला आता पाठ झालंय. कुणाला सिनेमातली पांढरीशुभ्र यॉट दिसते, कुणाला वाटतं यांना लॉटरी लागली. तुमच्याही मनात असंच काहीतरी आलं असेल, म्हणून आधीच सांगून टाकते. आमची बोट वीस फुटांची आहे, माझ्या थोरल्या मुलापेक्षा वयाने बरीच मोठी आहे, तिच्या खुर्च्यांना दोन ठिकाणी ठिगळं आहेत आणि ती अर्धीच आमची आहे. उरलेली अर्धी शेजारच्या तेलुगू कुटुंबाची. शनिवारी त्यांची पुलिहोरा आणि आमची थालीपीठं एकाच डब्यातून तळ्यावर जातात.

आम्ही अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहतो. इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'दहा हजार तळी' असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात दहा एकरांहून मोठी तळीच 11,842 आहेत. हिवाळ्यात ती इतकी गोठतात की लोक त्यावर गाड्या नेतात आणि बर्फाला भोक पाडून मासे धरतात. उन्हाळा मात्र जेमतेम तीन-साडेतीन महिन्यांचा. त्यामुळे ऊन पडलं रे पडलं की अख्खं राज्य पाण्याकडे धावतं. अशा ठिकाणी मुलं वाढवायची आणि त्यांना पाण्यापासून लांब ठेवायचं, हे पुण्यात राहून मुलांना रस्ता ओलांडायला न शिकवण्यासारखं आहे.

पोहणं दोन्ही मुलं आधी शिकली. त्यांच्याबरोबर मीही शिकले, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. त्याबद्दल पुढे सांगते.

पाण्यावर उभं राहणारा पहिला मुलगा

वॉटर स्कीइंगचा जन्म आमच्या घरापासून दीड तासाच्या अंतरावर झाला, हे इथे आल्यावर कळलं. मिसिसिपी नदी एका ठिकाणी रुंद होऊन तिचं तळं बनतं, त्याचं नाव लेक पेपिन. त्याच्या काठी लेक सिटी नावाचं छोटं गाव आहे. 1922 साली तिथल्या राल्फ सॅम्युएलसन नावाच्या मुलाच्या डोक्यात आलं, बर्फावर घसरता येतं तर पाण्यावर का नाही? त्याने आधी पिंपाच्या फळ्या पायाला बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की बांधून पाहिल्या. दोन्ही वेळा बुडाला. शेवटी आठ फूट लांब, नऊ इंच रुंद पाट्या आणल्या, त्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वर वळवली, खिडकीला वापरतात तसली दोरी घेतली आणि भावाला बोट चालवायला बसवलं. तरीही पडतच राहिला. अखेर त्याला युक्ती सापडली. अंग मागे टाकायचं आणि स्कीची टोकं पाण्याच्या वर ठेवायची. 2 जुलै 1922 रोजी, एकोणीस पूर्ण व्हायच्या आदल्या दिवशी, तो पाण्यावर उभा राहिला.

शंभर वर्षं उलटली, तरी शिकवायची युक्ती तीच आहे. मुलांना ही गोष्ट मी पुष्कळदा सांगितली आहे. त्यांना सगळ्यांत जास्त आवडतो तो 'पडतच राहिला' हा भाग.

बोटीला काय लागतं?

स्की बोट आणि साधी मोटरबोट यांत फरक आहे. साध्या बोटीचं इंजिन बहुधा मागे असतं आणि प्रोपेलर म्हणजे पाणी कापणारा पंखा अगदी मागच्या टोकाला. आमच्यासारख्या बोटीत इंजिन मधोमध पेटीत बसवलेलं असतं आणि पंखा बोटीच्या पोटाखाली. त्यामुळे मागून पाण्यात उतरणाऱ्या मुलापासून तो लांब राहतो. तळ बराचसा सपाट असल्याने मागे उठणारी लाट लहान असते. नवशिक्या मुलाला ती लहान लाटही डोंगराएवढी वाटते, म्हणून हे महत्त्वाचं. दोरी बांधायचा खांब बोटीच्या मध्यावर असतो, त्यामुळे स्की करणारा कडेला गेला तरी बोट फारशी हिसकत नाही.

आता खर्च. नवी स्की बोट आज एक लाख डॉलरच्या पुढे जाते, त्या वाटेला आम्ही गेलोच नाही. आमची जुनी बोट एका जुन्या गाडीच्या किमतीत आली. पण बोट घेणं हा खर्चाचा पहिला हप्ता असतो. ट्रेलर, विमा, नोंदणी, पेट्रोल, लाइफ जॅकेट. थंडीआधी इंजिनातलं सगळं पाणी काढावं लागतं, नाहीतर ते गोठून इंजिनाचा ठोकळा तडकतो. आमच्याकडे 'हत्ती पोसणं' म्हणतात ना, तसंच. म्हणून मी कुणालाही उठून 'बोट घ्या' असं सांगत नाही. अर्धी घ्या, असं मात्र नक्की सांगेन! खर्च अर्धा होतो आणि पाण्यावर हाताशी माणसं दुप्पट असतात.

इथे आणखी एक शिस्त आहे, ती मला फार आवडते. एका तळ्यातून बोट बाहेर काढली की तिला चिकटलेलं शेवाळ, वनस्पती काढायच्या, तळाचं बूच काढून सगळं पाणी सांडायचं आणि बूच उघडं ठेवूनच रस्त्याने न्यायची. हा कायदा आहे. झेब्रा मसल नावाचे बारीक शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊन तिथलं जीवन बिघडवतात, ते थांबावं म्हणून. बूच काढायचं काम धाकटीकडे आहे. बूच हातात आल्याशिवाय ती गाडी हलू देत नाही.

दिवाणखान्यात पहिला धडा

पहिला धडा आम्ही पाण्यात दिलाच नाही. मार्चमध्ये बाहेर बर्फ असताना, दिवाणखान्यातल्या सतरंजीवर दिला. लाटण्याला माझी जुनी ओढणी बांधली. मुलाने खाली बसायचं, गुडघे छातीशी, हात सरळ, लाटणं दोन्ही मुठींत. मग बाबाने ओढणी हळूहळू ओढायची. मुलाने स्वतःहून उठायचं नाही, कोपर वाकवून लाटणं स्वतःकडे ओढायचं नाही. नुसतं धरून ठेवायचं. ओढ वाढली की शरीर आपोआप वर येतं.

ऐकायला सोपं आहे. पण करून पाहा. कुणी ओढायला लागलं की आपले हात आपसूक उलट ओढतात. पाण्यात मूल नेमकं हेच करतं. बोट निघते, ते घाबरतं, हात वाकवून दोरी पोटाशी घेतं, घाईघाईने उभं राहायला जातं आणि पुढे तोंडावर आपटतं, नाहीतर मागे कलंडतं. म्हणून आमच्या घरात एक वाक्य तयार झालं, 'दोरी ओढायची नाही, धरून ठेवायची.' त्याला जोडून दुसरं, 'पडलास की सोडायची.'

पाण्यातला पहिला दिवसही लांब दोरीचा नव्हता. नेहमीची दोरी 75 फुटांची असते. तेवढ्या लांब एकट्या मुलाला आई-बाबा फार दूर वाटतात. म्हणून आम्ही बूम वापरतो. बूम म्हणजे बोटीच्या बाजूला बाहेर काढलेला लांब धातूचा दांडा. मूल तो धरून बोटीच्या बरोबरीने चालतं, आपण त्याच्याशी बोलू शकतो, त्याचा चेहरा दिसतो. लहान मुलांच्या स्की एकमेकींना पुढून बांधलेल्या असतात, म्हणजे पाय फाकत नाहीत. वेगही फार लागत नाही. पुरुषांच्या स्पर्धेत बोट ताशी 58 किलोमीटरने धावते, मुलांना वीस-बावीस पुष्कळ होतात.

धाकटी सहा वर्षांची होती. तिसऱ्या प्रयत्नात उभी राहिली आणि एवढ्या मोठ्याने ओरडली की काठावरची बदकं उडाली. थोरल्याची गोष्ट वेगळी.

'नको' म्हणजे नको

थोरला तेव्हा आठ वर्षांचा. बूमवर छान उभा राहिला. मग लांब दोरीवर गेला, उठला, पंधरा-वीस मीटर गेला आणि पडला. पडल्यावर दोरी सोडायची हे त्याला माहीत होतं, शंभरदा घोकलेलं होतं. पण त्या क्षणी मुठी उघडल्या नाहीत. दोन-तीन सेकंद तो पाण्यातून तोंडावर ओढला गेला. बोट लगेच थांबली, लाइफ जॅकेटने त्याला वर धरलं, कुठे खरचटलंही नाही. नाकातोंडात पाणी मात्र गेलं. बोटीत आला, टॉवेलमध्ये गुंडाळून बसला आणि म्हणाला, "आई, मला नको."

बोट घेताना आम्ही दोघांनी एक नियम ठरवला होता. मूल स्वतः मागेल तेव्हाच दोरी द्यायची. 'नको' म्हणालं तर 'एकदाच कर' असं म्हणायचं नाही. नियम ठरवणं सोपं होतं, कारण तेव्हा कुणी 'नको' म्हणालं नव्हतं.

तळ्यावरचे मित्र म्हणाले, लगेच परत पाण्यात पाठव, नाहीतर भीती कायमची बसेल. फोनवर नातेवाईक म्हणाले, एवढी बोट घेतली आणि पोरगा नुसता बसून राहतो? तुमच्याही मुलाने कधी पोहणं, कधी सायकल, कधी तबला अर्ध्यावर सोडला असेल, तर हा सूर तुम्हाला ओळखीचा वाटेल. इथे उन्हाळा मोजून बारा-चौदा आठवड्यांचा. एकेक शनिवार जाताना दिसतो. तो उन्हाळा गेला. पुढचाही गेला.

त्या दुसऱ्या उन्हाळ्यात माझे वडील आले होते, सहा महिन्यांसाठी. मुलं त्यांना आबा म्हणतात. कराडजवळच्या आमच्या गावात अर्ध्या आळीला पोहायला आबांनीच शिकवलं. पाठीला पत्र्याचा रिकामा बंद डबा, नाहीतर वाळलेला भोपळा. कमरेला दोर आणि विहीर. त्या विहिरीवर मुलं उड्या मारायची आणि आम्ही मुली काठावर त्यांचे कपडे सांभाळत उभ्या राहायचो. मी सदतिसाव्या वर्षी पोहायला का शिकले, याचं उत्तर त्या काठावर आहे.

मला वाटलं, आबा आता म्हणणार, "द्या ढकलून, आपोआप शिकतोय." गावात हेच चालायचं. आबा दोन-तीन शनिवार बोटीत गप्प बसून होते. मग एकदा घरी चहा घेताना म्हणाले, "आमी पोरांस्नी ढकलत हुतो. लई पोरं शिकली, आन ती आज सांगत्यात, आबांनी ढकललं म्हणून आलं. पर काय पोरं पुन्यांदा हिरीकडं फिरकली न्हाईत. ती कुनी मोजलीच न्हाईत."

नंतर त्यांनी नातवाला पाण्यात यायचा आग्रह केला नाही. रोज संध्याकाळी दोघं लाइफ जॅकेट घालून तळ्याच्या धक्क्यापाशी नुसते तरंगायचे. आबा त्याला गावच्या म्हशींच्या गोष्टी सांगायचे. स्कीचं नाव नाही.

मागे बघणारा माणूस

याच काळात थोरल्याला बोटीत एक काम मिळालं. मिनेसोटात स्की करणाऱ्याला ओढताना, चालवणाऱ्याशिवाय मागे सतत लक्ष ठेवणारा दुसरा माणूस बोटीत असावा लागतो, नाहीतर मागचं नीट दिसेल असा रुंद आरसा हवा. आमच्याकडे आरसा आहे, पण आम्ही माणसाशिवाय निघत नाही. एका मोठ्या माणसाच्या जोडीला थोरला तिथे बसू लागला, मागे तोंड करून.

हे काम किती मोठं आहे, हे त्याच्याकडे पाहून मला कळलं. पाण्यावर आवाज पोचत नाही, सगळं हातांनी बोलायचं. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा. हात गळ्यावरून आडवा फिरवला की थांबा. डोक्यावर थोपटलं की परत काठाला. पडल्यावर हात उंच केला म्हणजे मी ठीक आहे. तो हात वर येईपर्यंत थोरला डोळ्याची पापणी लववत नाही. "पडली!" म्हणून ओरडतो आणि लगेच "हात वर!" अशी वर्दी देतो. वेग कमी करून बोट वळवायची, पडलेलं माणूस चालवणाऱ्याच्या बाजूला ठेवायचं म्हणजे ते सतत दिसतं, आणि ते बोटीत चढताना इंजिन पूर्ण बंद. या गोष्टी त्याला आमच्याइतक्याच नीट येतात.

इंजिन सुरू करायच्या आधीची चार मिनिटंही त्याचीच. पेट्रोलची वाफ इंजिनाच्या पेटीत साचली असेल तर ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून आधी चार मिनिटं पंखा लावून ती बाहेर काढायची. दोन्ही मुलं त्या वेळात बे ते बाराचे पाढे म्हणतात. पाढे संपल्याशिवाय किल्ली फिरत नाही. मराठी पाढे टिकवायचा हा उपाय कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही!

तिसऱ्या उन्हाळ्यात, ऑगस्टमधल्या एका सकाळी पाणी आरशासारखं होतं. सकाळी लवकर वारा नसतो, तेव्हा शिकायला सगळ्यांत चांगलं. धाकटीची फेरी झाली, ती वर आली. थोरला म्हणाला, "बूमवर एकदा." एवढंच. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी 'अरे वा' म्हटलं नाही. नवऱ्याने मुकाट्याने बूम लावला. शेजारच्या भाभी मागे बघायला बसल्या. तो उठला, तळ्याच्या अर्ध्या भागाला फेरी मारली, स्वतःच हात सोडून पाण्यात बसला आणि हात उंच केला. मी तेवढ्या वेळात श्वास घेतला होता की नाही, आठवत नाही.

आता तो बारा वर्षांचा आहे. लांब दोरीवर जातो, दोन्ही स्कीवर आरामात फिरतो. तरी त्याची आवडती जागा मागे तोंड केलेली तीच. धाकटीला मात्र वेड लागलंय ते शो-स्कीचं. मिनेसोटा आणि शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये गावोगावी हौशी मंडळं आहेत. एका बोटीमागे रांगेने स्की करत ही माणसं एकमेकांच्या खांद्यांवर चढून मनोरा रचतात. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी ओरडलेच, "अरे, ही तर दहीहंडी!" खाली दणकट माणसं, वर वर हलकी, सगळ्यांत वर एखादी चिमुरडी. फक्त हंडी नाही आणि खाली रस्त्याऐवजी पाणी.

तुमच्यासाठी चार गोष्टी

तुम्ही स्की बोट घ्याल असं नाही. पण सुट्टीत तारकर्लीला, गोव्याला किंवा जवळच्या धरणावर मुलांना पाण्यातल्या खेळांना नेणार असाल. तेव्हा हे लक्षात ठेवा.

लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचं मागा. बंद लावून झाले की दोन्ही खांद्यांपाशी धरून वर उचला. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, पाण्यात मूल त्यातून निसटू शकतं. लहान मुलाला दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलं जॅकेट उत्तम. 'पाणी उथळ आहे, बंद कशाला' असं कुणी म्हणालं तरी बंद लावाच.

इंजिन चालू असताना बोटीच्या मागच्या फळीवर मुलांना बसू देऊ नका, तिला धरून लटकू तर अजिबात देऊ नका. तिथे इंजिनाचा धूर साचतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध होऊ शकतो.

जॅकेट असलं तरी पोहणं शिकवा, मुलींनाही. आणि तुम्हाला स्वतःला येत नसेल तर वय मोजत बसू नका. माझ्या वर्गात एक आजी सत्तरीच्या होत्या.

चौथी गोष्ट सगळ्यांत अवघड. किनाऱ्यावर पैसे भरलेत, रांग लावलीय, बोटवाला घाई करतोय आणि मूल ऐन वेळी म्हणतं, "नको." त्या वेळी गेलेले पैसे जाऊ द्या. पोराला भित्रं म्हणू नका. वाळूत बसा, भेळ खा, पाणी बघा. दोरीचं दुसरं टोक आपल्या हातात असतं, आणि ओढायची ताकद आपल्यात भरपूर असते. ती आवरून नुसतं धरून राहिलं, की कधीतरी मूलच म्हणतं, "आई, आता चल."